खास शाळेतून गावच्या शाळेत : स्वमग्न मुलाची वाट



आजच्या अभ्यासलेखासाठी एक घर डोळ्यांसमोर आणू. घर शेतकऱ्याचे, आपल्या जानेफळसारख्याच गावातले. घरात नऊ वर्षांचा एक मुलगा. तो फारसा बोलत नाही. हाक मारली तर वळून पाहील याची खात्री नाही. पण पंख्याचा वेग एका बटणाने बदलला तरी त्याला कळते आणि एस. टी. गाड्यांचे नंबर त्याला पाठ असतात. सहा वर्षांचा असताना डॉक्टरांनी त्याला स्वमग्नता आहे असे सांगितले. घरच्यांनी शहरातल्या वसतिगृह असलेल्या खास शाळेत त्याला ठेवले. तीन वर्षांत तो स्वतः कपडे घालायला शिकला, चित्र दाखवून पाणी मागायला लागला, शंभरपर्यंत अंक लिहू लागला.

आता शाळेतल्या बाई म्हणतात, "याला घरी न्या. गावच्या शाळेत घालून पाहा. तो तयार आहे."

आई आनंदाने रडते. आजोबा म्हणतात, "इथं नीट चाललंय ते कायले मोडता?" वडील गप्प बसतात. पोरे चिडवतील का, गुरुजी सांभाळतील का, आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांत शाळेतून फोन आला तर कोण जाईल, हे प्रश्न त्यांच्या मनात घोळत असतात.

हे घर कल्पनेतले आहे, पण असे प्रश्न पडलेली घरे खरी आहेत. आजोबांचे चुकते असे नाही आणि आईचेही चुकते असे नाही. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

१. स्वमग्नता म्हणजे काय?

स्वमग्नता, ज्याला इंग्रजीत ऑटिझम म्हणतात, हा ताप-खोकल्यासारखा आजार नाही. मेंदूची जडणघडण जन्मापासूनच थोडी वेगळी असते. त्यामुळे इतरांशी बोलणे, त्यांच्या मनातले ओळखणे, खेळात मिसळणे अवघड जाते. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करावीशी वाटते. आवाज, उजेड, स्पर्श, वास हे कोणाला फार जास्त जाणवतात तर कोणाला फार कमी. डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अमेरिकेत अकरा मुलांचे निरीक्षण करून या अवस्थेचे पहिले सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे १२७ माणसांमागे एकाला स्वमग्नता होती. म्हणजे आपल्या गावातही अशी माणसे असणारच, मग त्यांना कोणी ते नाव दिलेले असो वा नसो.

काही गैरसमज इथेच दूर करावेत. आईने लक्ष दिले नाही म्हणून मूल असे झाले, हे खोटे आहे. लस टोचल्यामुळे झाले, हेही खोटे आहे. १९९८ साली तसा संशय पसरवणारा जो लेख इंग्लंडच्या एका वैद्यकीय नियतकालिकात आला होता, तो त्याच नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. ही बाहेरची बाधा नाही आणि आई-वडिलांच्या पापाची शिक्षाही नाही. औषधाने किंवा ताईत-दोऱ्याने ती जात नाही. पण योग्य शिकवण्याने मुलाचे आयुष्य पुष्कळ सोपे होते. सर्व स्वमग्न मुले सारखी नसतात. एक मूल पदवीपर्यंत जाते, तर दुसऱ्याला जन्मभर आधार लागतो. म्हणून शेजारच्या गावातील मुलाचे काय झाले त्यावरून आपल्या मुलाचा निर्णय घेऊ नये.

२. कायदा काय सांगतो?

कमीत कमी बंधने असलेल्या वर्गात मुलाने शिकावे, हा विचार १९७५ च्या अमेरिकी कायद्याने ठळक केला. त्याचा अर्थ साधा आहे. मुलाला जेवढा आधार खरोखर लागतो तेवढा द्यावा, पण त्याहून अधिक वेगळे काढू नये. १९९४ मध्ये स्पेनमधील सालामांका शहरात ९२ देशांच्या सरकारांचे प्रतिनिधी जमले आणि सामान्य शाळांनीच सर्व मुलांना सामावून घ्यावे असे त्यांनी ठरवले.

आपल्या देशात १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेखच नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत, त्यांत स्वमग्नता स्पष्टपणे आहे. शिक्षणाबाबत चार गोष्टी प्रत्येक पालकाने लक्षात ठेवाव्यात.

(अ) २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६ ते १४ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची परीक्षा घेता येत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने स्वमग्न मुलांचा या कायद्यात स्पष्ट समावेश झाला.

(आ) २०१६ च्या कायद्याप्रमाणे ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि तेही जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या खास शाळेत. म्हणजे निवड आपली आहे. गावची शाळा सक्तीची नाही आणि खास शाळाही सक्तीची नाही.

(इ) अतितीव्र किंवा बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलाला घरी राहून शिकण्याचा पर्याय कायद्यात ठेवला आहे. पण हा पर्याय पालकांनी निवडायचा असतो. मूल नको म्हणून शाळेने तो पुढे करायचा नसतो.

(ई) सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सामान्य शाळांसाठी विशेष शिक्षकांची पदे निर्माण करण्यास सांगितले. प्राथमिक स्तरावर अशा दर १० मुलांमागे एक आणि माध्यमिक स्तरावर दर १५ मुलांमागे एक शिक्षक, असे प्रमाण पुढे आले. कागदावरचे प्रमाण आणि वर्गातला शिक्षक यांत अजून अंतर आहे. तरीही हे माहीत असले म्हणजे मागणी करताना आवाज खाली जात नाही.

३. मुंबईतील एक उदाहरण

खास शाळेचे काम नेमके कोठे संपते, हे समजण्यासाठी आपल्याच महाराष्ट्रातील एक गोष्ट उपयोगी आहे. ती स्वमग्नतेची नसून मेंदूच्या पक्षाघाताची आहे, पण धडा तोच आहे.

डॉ. मिथू अलूर यांची मुलगी मालिनी चिब हिला जन्मापासून मेंदूचा पक्षाघात आहे. मुलीला शिकवायला शाळा नाही म्हणून मिथूताईंनी १९७२ मध्ये मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था उभी केली आणि मोजक्या मुलांची खास शाळा सुरू केली. मालिनी तिथे घडली आणि नंतर मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात इतर तरुण-तरुणींबरोबर पदवीपर्यंत शिकली. पुढे तिने लंडनमध्ये उच्च शिक्षण घेतले आणि २०११ मध्ये आपले आत्मकथन प्रसिद्ध केले. ते तिने एका बोटाने टंकलेखन करून लिहिले.

यापेक्षाही विचार करण्यासारखी गोष्ट म्हणजे, ज्या बाईंनी खास शाळा काढली त्यांनीच पुढे मुलांना त्या शाळेतून सामान्य शाळांत पाठवण्याचे काम हाती घेतले. संस्थेचे नावही बदलून 'अडॅप्ट' झाले. खास शाळा वाईट होती म्हणून हे झाले नाही. ती चांगली होती म्हणूनच मुले बाहेर पडण्याइतकी तयार झाली. रोपवाटिकेत रोप नीट वाढले की ते शेतात लावतात. त्यात रोपवाटिकेचा अपमान नसतो. मात्र रोप काढून नुसते बांधावर टाकले तर ते जळते. शेतही तयार असावे लागते.

४. मुलगा तयार आहे का, आणि शाळा तयार आहे का?

बहुतेक ठिकाणी पहिलाच प्रश्न विचारला जातो. दुसरा विचारायला आपण विसरतो.

मुलाबाबत हे पाहावे. भूक, तहान, शौचास जायचे आहे, दुखते आहे, हे तो शब्दाने, खुणेने किंवा चित्राने सांगू शकतो का? दहा-पंधरा मिनिटे एका कामाजवळ बसू शकतो का? एखाद्या मोठ्या माणसाची साधी सूचना पाळतो का? हे सगळे शंभर टक्के यायलाच हवे असे नाही. काय येते आणि काय येत नाही याची यादी मात्र हवी.

शाळेबाबत हे पाहावे. मुख्याध्यापक मनापासून हो म्हणतात का? वर्गशिक्षक ऐकून घ्यायला तयार आहेत का? वर्गात किती मुले आहेत? फाटक बंद राहते का? काही स्वमग्न मुले अचानक बाहेर धावतात आणि त्यांना रस्त्याचे किंवा विहिरीचे भय कळत नाही, म्हणून हा प्रश्न लहान समजू नये. गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षक किती दिवसांनी येतात?

प्रमाणपत्राचे कामही आधीच करून घ्यावे. स्वमग्नतेची तपासणी शासकीय रुग्णालयातील तज्ज्ञ ठरावीक मोजपट्टीने करतात आणि त्यावरून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र मिळते. पुढे दहावी-बारावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती हव्या असतील तर हे कागद लागतात. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत स्वमग्न व्यक्तीला वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो, त्याचीही चौकशी करावी.

५. पायरीपायरीने

स्वमग्न मुलाला बदल आवडत नाही, आणि अचानक झालेला बदल तर मुळीच सहन होत नाही. सोमवारी एकदम नव्या वर्गात नेऊन बसवले आणि मुलाने दिवसभर आकांत केला, तर शाळा म्हणते जमत नाही आणि घर म्हणते जमणार नव्हतेच. चूक मुलाची नसते, घाईची असते.

पहिली पायरी : विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्याआधीच्या सुट्टीत मुलाला रिकाम्या शाळेत न्यावे. वर्ग, नळ, शौचालय, बसायची जागा दाखवावी. मोबाईलवर फोटो काढून घरी रोज दाखवावेत. "ही तुझी शाळा. या तुझ्या बाई." एवढेच बोलावे.

दुसरी पायरी : शाळा सुरू झाली की पहिल्या आठवड्यात रोज एक तास. हा तास त्याच्या आवडीचा असावा. चित्रकला असेल किंवा गणित असेल. तो हसत घरी आला पाहिजे, दमून नव्हे.

तिसरी पायरी : मग अर्धी शाळा. परिपाठाच्या वेळचा लाऊडस्पीकर आणि मधल्या सुट्टीचा गोंगाट हे दोन कठीण प्रसंग असतात. परिपाठाला तो सुरुवातीला मागे, स्पीकरपासून लांब उभा राहिला तरी चालेल. शालेय पोषण आहारातील खिचडी त्याच्या जिभेला नको वाटत असेल तर घरचा डबा द्यावा. यात लाड नाहीत. त्याला ते खरोखर सहन होत नाही.

चौथी पायरी : पूर्ण दिवस. याला कोणाला दोन महिने लागतील, कोणाला वर्ष. कॅलेंडरकडे न पाहता मुलाकडे पाहावे.

खास शाळेतील बाईंचा आणि गावच्या गुरुजींचा एकदा तरी फोन व्हायलाच हवा. तीन वर्षांत त्या बाईंनी जे ओळखले ते गुरुजींना पुन्हा पहिल्यापासून शोधायला लावू नये. एका पानावर लिहून द्यावे : मुलाला काय आवडते, कशाने घाबरतो, चिडला तर काय करावे, काय कधीच करू नये.

६. वर्गात काय करावे?

आपल्या धर्मग्रामातील काही बंधु-भगिनी शिक्षक असतील, अंगणवाडीत असतील. त्यांच्यासाठी थोडे.

सूचना लहान द्यावी. "सगळ्यांनी वह्या काढा आणि पान वीसवरचं उदाहरण सोडवा" याऐवजी त्याच्याजवळ जाऊन "वही काढ" म्हणावे आणि थांबावे. उत्तर यायला वेळ लागतो. दिवसाचे वेळापत्रक चित्रांत काढून त्याच्या बाकावर चिकटवावे आणि झालेल्या कामावर खूण करू द्यावी. बेल होणार असेल तर आधी सांगावे. त्याला दारापासून आणि खिडकीपासून दूर, शांत जागी बसवावे. टाळ्या वाजवून कौतुक करण्याऐवजी हळू आवाजात कौतुक करावे. तो डोळ्याला डोळा देत नसेल तर त्यासाठी हनुवटी धरून तोंड वळवू नये. डोळ्यांत न पाहताही तो ऐकत असतो.

हट्ट आणि उद्रेक यांतला फरक ओळखावा. हट्ट करणारे मूल आपण पाहतो आहोत की नाही हे अधूनमधून तपासते. उद्रेकात सापडलेल्या मुलाला आपण दिसतही नाही, कारण आवाज आणि गर्दी त्याच्या सहनशक्तीबाहेर गेलेली असते. अशा वेळी ओरडू नये, मारू नये, चौघांनी धरू नये. गर्दी हटवावी, शांत कोपऱ्यात न्यावे आणि वाट पाहावी. मुलाला शारीरिक शिक्षा करणे किंवा मानसिक त्रास देणे शिक्षण हक्क कायद्याने बंदच केले आहे.

वर्गातील इतर मुलांना खरे सांगावे. "याला आवाजाचा त्रास होतो. तो बोलत नाही पण त्याला कळतं." एवढे पुरते. शेजारी बसायला एक समजूतदार सोबती द्यावा, पण दर महिन्याला बदलावा, म्हणजे एकाच मुलावर भार पडत नाही आणि जास्त मुलांशी ओळख होते. लहान मुले लवकर शिकतात, मोठ्यांनी आडवे बोलले नाही तर.

७. जमले नाही तर?

हाही प्रश्न मोकळेपणाने बोलला पाहिजे. मुलगा रात्री झोपेनासा झाला, पूर्वी येत होते ते विसरू लागला, स्वतःला चावू लागला, शाळेचे नाव काढताच लपू लागला, तर त्याला काहीतरी सांगायचे आहे असे समजावे. आधी कारण शोधावे. कोणी चिडवते का? शौचालयाची भीती आहे का? बाई बदलल्या का? पुष्कळदा कारण लहान असते आणि दूर करता येते.

नाही झाले दूर, तर एक पायरी मागे यावे. पूर्ण दिवसाचा अर्धा दिवस करावा. तेही झेपले नाही आणि खास शाळेतच त्याला सुख आहे असे दिसले, तर परत जाण्यात पराभव नाही. कायद्याने दोन्ही दारे उघडी ठेवली आहेत ती याचसाठी. आधार न देता नुसते बाकावर बसवलेले मूल वर्गात दिसते, पण शिकत नाही. आपल्याला तो वर्गात दिसावा एवढेच हवे आहे की तो तिथे शिकावा, हे स्वतःला विचारावे.

८. आपला वाटा

पक्षाघाताच्या माणसाला चौघांनी उचलून आणले आणि गर्दीमुळे दार मिळेना, तेव्हा त्यांनी छप्पर उघडले, ही शुभवर्तमानातील गोष्ट आपण अनेकदा ऐकली आहे. त्या माणसाला कोणी सांगितले नाही की आधी चालायला शीक, मग आत ये. बदलले ते छप्पर. शाळेच्या बाबतीत हाच प्रश्न आहे, आणि आपल्या चर्चच्या बाबतीतही.

२२ नोव्हेंबर २०१४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनमध्ये स्वमग्न व्यक्ती आणि त्यांच्या कुटुंबांची भेट घेतली आणि त्यांचे एकटेपण मोडण्यासाठी सर्वांनी पुढे यावे असे आवाहन केले. २८ नोव्हेंबर २०१८ रोजी त्यांच्या बुधवारच्या सभेत बोलू न शकणारा एक लहान मुलगा व्यासपीठावर जाऊन खेळू लागला. आई त्याला न्यायला धावली. पोपनी त्याला खेळू दिले आणि हा मुलगा किती मोकळा आहे, हे लोकांना दाखवून दिले. पोप फ्रान्सिस २०२५ मध्ये देवाघरी गेले, पण हे चित्र विसरू नये.

आपल्या मिस्सामध्ये एखादे मूल मध्येच आवाज करते, हात हलवत फिरते. तेव्हा आपण वळून पाहतो. त्या एका नजरेने त्याची आई पुढच्या रविवारी येत नाही. तिला मागच्या बाकावर, दाराजवळ जागा ठेवली, मूल अस्वस्थ झाले तर कोणी तिच्यासोबत बाहेर गेले, तर ती येत राहील. धर्मशिक्षणाच्या वर्गात त्याला चित्रे द्यावीत. पाठांतर होत नाही एवढ्यावरून प्रथम कम्युनियनचा प्रश्न कायमचा मिटवू नये. फादरांशी बोलावे. आदर नेहमी शब्दांतच व्यक्त होतो असे नाही, तो शांत बसण्यातही दिसतो.

आणि वडिलांच्या मनातला तो प्रश्न : काढणीच्या दिवसांत शाळेतून फोन आला तर कोण जाईल? याचे उत्तर कोणताही कायदा देत नाही. ते शेजाऱ्याने द्यायचे असते. "मी जाईन, तुम्ही वावरात राहा," असे म्हणणारा एक माणूस त्या घराला मिळाला, तर आजोबांची भीती अर्धी कमी होईल.

कुटुंबात चर्चा करण्यासाठी :

१. आपल्या गल्लीत असे मूल आहे का? त्याचे नाव आपल्याला माहीत आहे का?

२. आपली मुले त्याच्याविषयी कोणते शब्द वापरतात? ते शब्द त्यांनी कोणाकडून ऐकले?

३. मिस्सामध्ये आपल्या बाकावर त्याच्या कुटुंबाला जागा करून देता येईल का?

४. शाळा व्यवस्थापन समितीत आपल्यापैकी कोणी आहे का? विशेष शिक्षक महिन्यातून किती वेळा येतात, हे पुढच्या बैठकीत कोण विचारील?